मातीतून उतरणारा दागिना

सोनारकाम म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतात त्या ऐरण, हातोडी आणि तार ओढण्याचे जंतर या तीन वस्तू. आणि ते साहजिकच आहे, कारण महाराष्ट्रातील दागिन्यांचा फार मोठा भाग ठोकून, ओढून, ठशावर उठवून आणि डाख देऊन सिद्ध होत आलेला आहे. कोल्हापुरी साजातील पाने पातळ पत्र्यावर ठशाने उठवून आत लाख भरलेली असतात, बोरमाळेचे मणीही लाखेच्या पोटावर सोन्याचे पातळ कवच चढवून केलेले असतात, आणि हुपरीच्या ज्या पैंजणांनी चांदीच्या व्यापारात नाव मिळविले त्यांचा सांगाडाही मुख्यतः तारेचा आणि कड्यांचाच असतो. थोडक्या सोन्यात ठसठशीत दागिना घडविण्याची ही युक्ती काटकसरी संसाराला साजेशी आहे आणि तिची थोरवी कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु दागिना घडविण्याचा याहून निराळा आणि अतिशय प्राचीन असा दुसराही एक मार्ग आहे. त्यात आकार देण्यासाठी धातूला हातोडीचा स्पर्शही होत नाही, तो वितळून रस होतो, आधीच तयार करून ठेवलेल्या पोकळीत शिरतो आणि निवाला म्हणजे दागिना होऊनच बाहेर येतो. या विद्येस ओतकाम म्हणतात.

अलीकडे स्वतःच्या हाताने दागिने करण्याची आवड अनेक सुशिक्षित तरुण-तरुणींमध्ये निर्माण झाली आहे, आणि त्यांपैकी पुष्कळांना ओतकामाची ओढ लागते ती वितळलेल्या धातूच्या तेजामुळे. ही ओढ मला मुळीच वावगी वाटत नाही. मात्र जुन्या पद्धतीच्या ओतकामाजवळ जो कोणी काही काळ बसला असेल त्याला हे कळून चुकते, की रस ओतण्याची क्रिया क्षणार्धात आटोपते आणि तिच्या आधीचे कित्येक दिवस सगळा कारभार मातीचा चाललेला असतो. माती कोठली आणली, ती किती वेळा चाळली, तिच्यात कोंडा किती घातला, थर सावलीत वाळला की उन्हात, आतून ओल पुरती गेली की नाही, या प्रश्नांच्या उत्तरांवरच दागिना उतरणार की फसणार याचा निकाल लागलेला असतो. म्हणून माझे असे स्पष्ट मत झाले आहे, की ओतकाम ही प्रथम मातीची विद्या म्हणून शिकली पाहिजे आणि धातूकडे त्यानंतरच वळले पाहिजे. जेथे हा क्रम उलटा होतो तेथे शिकणारा भट्टी पेटविण्यात तरबेज होतो, परंतु त्याच्या हातून दागिना मात्र क्वचितच धड उतरतो.

या पद्धतीचे शास्त्रीय नाव मधूच्छिष्टविधान. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर पोळ्याचे उरते ते मेण. जो दागिना हवा तो प्रथम मेणात घडवायचा, त्यावर मातीचे थर द्यायचे, थर वाळले म्हणजे तापवून मेण वाहू द्यायचे किंवा जाळून टाकायचे, आणि मेणाने रिकामी केलेली जागा धातूच्या रसाने भरायची. दागिना बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एका साच्यातून एकच वस्तू मिळते आणि दुसरी हवी असेल तर पुन्हा मेणापासून आरंभ करावा लागतो. तत्त्व इतके सोपे असल्यामुळेच बहुधा ते मनुष्याला फार लवकर सुचले. बलुचिस्तानात मेहरगढ येथे तांब्याचा एक चिमुकला ताईत सापडलेला आहे; आकाराने चाकासारखा, मध्यातून निघालेले सहा आरे, व्यास अवघा २ सेंटिमीटर, आणि वय सुमारे ६००० वर्षे. २०१६ साली फ्रान्समधील संशोधकांनी त्याच्या अंतरंगाचा सूक्ष्म अभ्यास करून असे दाखवून दिले, की त्याचा मूळ नमुना मेणाच्या बारीक कांड्या एकमेकींवर दाबून केलेला होता आणि त्यात ओतलेला धातू जवळजवळ निर्भेळ तांबे होता. रस निवताना त्यात शिरलेल्या प्राणवायूच्या खुणा इतक्या सहस्रकांनंतरही आत जशाच्या तशा होत्या. मेण गाळून केलेल्या ज्ञात वस्तूंमध्ये ही सर्वांत जुन्यांपैकी एक. आणि ती देवाची मूर्ती किंवा राजाचे आयुध नसून अंगावर घालावयाचा एक साधा अलंकार आहे, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

मोहेंजोदडो येथे १९२६ साली मिळालेली, उंचीने जेमतेम साडेदहा सेंटिमीटर असलेली नर्तकीची कांस्यमूर्ती तर शाळकरी मुलांनाही चित्रांतून परिचित आहे. तिचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे आणि त्या साऱ्या बांगड्या मूर्तीबरोबरच ओतलेल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर दायमाबादचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला बैलगाडी हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार शिल्पे सापडली. ती सर्व भरीव ओतलेली आहेत आणि त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, परंतु एवढा धातू एका दमात वितळवून भरीव साच्यात उतरविणाऱ्यांना माती आणि अग्नी यांचे पक्के ज्ञान होते याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. त्यांपैकी तीन शिल्पे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. ओतकाम शिकू इच्छिणाऱ्याने ती एकदा निवांतपणे पाहून यावीत.

या विद्येचे लेखी दप्तर शोधू गेल्यास ते आपल्या अगदी शेजारीच सापडते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास नावाचा जो विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ रचला आणि जो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादून प्रसिद्ध केला, त्यात मूर्ती ओतण्याची संपूर्ण कृती दिलेली आहे. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख ज्या ग्रंथात आहे तोच हा ग्रंथ, आणि त्यामुळे त्याच्याविषयी मराठी मनाला एक प्रकारची आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. सोमेश्वर सांगतो, की मेणाची प्रतिमा पूर्ण झाल्यावर तिच्या पाठीवर, खांद्यावर, मानेवर किंवा मुकुटावर मेणाच्या नळ्या बसवाव्यात; मग जळलेला कोंडा, अगदी बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून पाट्यावर वाटलेल्या मातीचा पहिला पातळ थर द्यावा, तो सावलीत वाळवावा, दोन दिवसांनी दुसरा थर द्यावा आणि तो वाळल्यावर तिसरा जाड थर द्यावा. कृतीचा किती मोठा भाग मातीनेच व्यापला आहे हे येथे सहज लक्षात येईल. राजा हे वर्णन करीत असला तरी त्याला ते सांगणारा कारागीर हाताला माती लागलेला होता, याची साक्ष कातरलेल्या कापसाच्या त्या एका तपशिलात मिळते. कापसाचे तंतू मातीला आतून धरून ठेवतात आणि वाळताना तिला चिरा जाऊ देत नाहीत.

याच प्रकरणात वजनाचा जो हिशेब दिला आहे तो आजही उपयोगी पडावा असा आहे. मेणाचा नमुना आधी तोलून घ्यावा आणि धातू तांबे-पितळ असेल तर मेणाच्या आठ-दहापट, रुपे असेल तर बारापट आणि सोने असेल तर सोळापट घ्यावा, असे हे प्रमाण. रुप्याचे उदाहरण घेऊ. बारा माशांचा एक तोळा होतो. तेव्हा पदकाचा मेणाचा नमुना एक मासा भरला, तर त्याला बरोबर एक तोळा चांदी वितळवावी लागणार. आधुनिक मापाने चांदी मेणाच्या सुमारे अकरापट जड असते, म्हणजे सोमेश्वराच्या कारागिराने रसाच्या वाटेत अडकून राहणाऱ्या धातूसाठीही थोडी तजवीज करून ठेवलेली दिसते. सोन्याचा आकडा मात्र विचार करायला लावतो. शुद्ध सोने मेणाच्या जवळजवळ वीसपट जड असल्यामुळे सोळापटीत ते पुरणार नाही; परंतु साधारण १८ कॅरटच्या, तांबे-रुपे मिसळलेल्या सोन्यास हे प्रमाण चांगले जुळते. यावरून त्या काळी ओतण्यासाठी निर्भेळ सोने न घेता भेळीचे सोने घेत असावेत, असा तर्क करावासा वाटतो.

ही विद्या ग्रंथातून बाहेर येऊन आजही जेथे घराघरात नांदते अशा स्थळांपैकी बस्तर हे आपल्याला सर्वांत जवळचे. गडचिरोलीच्या पलीकडचा हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता, सीमेच्या दोन्ही बाजूंस माडियांची वस्ती आहे, आणि तेथील हलबी बोली कानावर पडली म्हणजे तिच्यातील मराठीची छटा ओळखू येते. कोंडागाव आणि त्याच्या आसपासच्या गावांत राहणारे घडवा हे पिढीजाद ओतकाम करणारे लोक. पितळेचे पैंजण, कडी, मणी, घुंगरू आणि देवदेवतांच्या मूर्ती ते करीत आले. बाहेरच्या बाजारात त्यांच्या कामास ढोकरा हे नाव पडले आहे आणि त्यास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. कोंडागावच्या जयदेव बघेल यांच्यासारख्या श्रेष्ठ कारागिरामुळे या कामाची कीर्ती देशाबाहेर पोचली.

घडव्यांच्या पद्धतीने एखादा पोकळ मणी कसा तयार होतो ते जरा जवळून पाहू. प्रथम कोंडा घालून मळलेल्या मातीचा, मण्याहून किंचित लहान असा गाभा करतात आणि तो वाळवून त्यावर अगदी मऊ मातीचा हात फिरवून गुळगुळीत करतात. मेण एकटे वापरीत नाहीत. त्यात राळ आणि थोडे तेल घालून ते उकळतात, फडक्यातून गाळून गार पाण्यात सोडतात आणि मग हाताने मळून त्यास चिवटपणा आणतात. हे मेण आपल्या घरच्या शेवेच्या सोऱ्यासारख्या एका लाकडी पिचकारीत भरून दाबले, की चकतीच्या भोकातून एकसारख्या जाडीचा तलम धागा बाहेर पडू लागतो. तो धागा गाभ्याभोवती गुंडाळीत जायचा, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यास चिकटेल परंतु त्यात बुडणार नाही इतक्याच दाबाने. आणि संपूर्ण गाभा झाकला गेला म्हणजे त्यावर दुसऱ्या धाग्याचे वेटोळे, गोंडे, जाळी, जे काही नक्षीकाम हवे असेल ते बसवायचे. या घरांतील स्त्रिया हे काम बोलता बोलता करतात. धागा बोटांतून सुटत जातो, अंगठ्याचे नख मधूनच त्याला किंचित दाबते, आणि तेवढ्याने नक्षीची ओळ सरळ राहते. तयार झालेल्या पितळी मण्यावर जी समांतर रेषांची बारीक वीण दिसते ती या धाग्याचीच. धातूवर कोरणी चालविलेली नसते.

यापुढे पुन्हा मातीचे राज्य सुरू होते. मेणाला टेकणारा पहिला थर सर्वांत महत्त्वाचा, कारण मेणावरील प्रत्येक रेषेचा ठसा त्यालाच घ्यायचा असतो. म्हणून त्यासाठी वस्त्रगाळ केलेली माती, बहुधा नदीकाठची किंवा वारुळाची, कोळशाच्या पुडीत आणि शेणाच्या पाण्यात कालवून लावतात. वाळवीने तोंडाने वाहून आणलेल्या कणांची ती माती इतकी सारखी आणि चिकट असते, की चाळण्यापूर्वीच निम्मे काम झालेले असते. रसशास्त्रावरील रसरत्नसमुच्चय या जुन्या ग्रंथात मुशीसाठी योग्य माती कोणती याची चर्चा करताना, उत्तम माती न मिळाल्यास वारुळाची किंवा कुंभाराची माती घ्यावी असे सांगून तीत जळलेला कोंडा, ताग आणि घोड्याची लीद मिसळण्याची शिफारस केली आहे; आजच्या घडव्याचा नुसखाही थोड्याबहुत फरकाने हाच आहे. बाहेरचे थर मात्र जाडसर मातीचे आणि भरपूर कोंड्याचे असतात. कोंडा आणि शेण हे भट्टीत जळून जातात आणि मातीत असंख्य सूक्ष्म रंध्रे मागे ठेवतात. रस आत शिरताना आधीची हवा कोठेतरी निघून जायला हवी. तिला वाट मिळाली नाही तर ती रसाला अडवून धरते आणि दागिन्याचा एखादा कोपरा अपुरा राहतो. म्हणजे मातीला दोन परस्परविरुद्ध कामे करायची असतात, आतून रेषा न् रेषा टिपण्याइतके घट्ट व्हायचे आणि बाहेरून श्वास घेण्याइतके सच्छिद्र राहायचे. हे दोन्ही गुण एकाच मातीत मिळत नाहीत, म्हणूनच थर वेगवेगळे.

पुढची युक्ती तर फार सुंदर आहे. बंगालच्या आणि बस्तरच्या जुन्या पद्धतीत मूस आणि साचा वेगळे ठेवीत नाहीत. मेण बाहेर पडल्यावर साच्याच्या तोंडावर मातीचीच वाटी बसवून तीत मोडीच्या पितळेचे तुकडे भरतात, वरून ती मातीने लिंपून बंद करतात, आणि वाटीची बाजू खाली येईल असे हे गाठोडे भट्टीत ठेवतात. आतले पितळ वितळले, की भट्टीतून हिरवट ज्वाळा उठू लागतात. त्या पाहून कारागीर सांडशीने गाठोडे उचलतो आणि उलटे करतो, त्यासरशी रस आपोआप खालच्या पोकळीत उतरतो. यात रसाला बाहेरच्या हवेचा फारसा संपर्क होत नाही आणि साचा धातूइतकाच तापलेला असल्यामुळे रस अर्ध्या वाटेत गोठत नाही. धातू नारळाच्या आकाराच्या मातीच्या वेष्टनात बंद करून तापविण्याचे वर्णन मानसोल्लासातही आहे. आत दिसत काहीच नाही, सर्व भिस्त ज्वाळेच्या रंगावर. आणि तो रंग कोणत्याही पुस्तकात छापून दाखविता येणार नाही.

घुंगराचे ओतकाम हा तर शिकणाऱ्याने अवश्य पाहावा असा प्रकार आहे. घुंगराच्या पोटात वाजणारा खडा नंतर घालता येत नाही, कारण त्याची फट खड्याहून अरुंद असते. म्हणून मातीचा गाभा वळतानाच त्याच्या मध्यभागी लोखंडाची लहानशी गोळी किंवा खडा पुरून ठेवतात. गाभ्यावर मेण, मेणावर माती, मग भट्टी आणि रस असा सगळा क्रम पार पडल्यावर फटीतून काडी घालून आतला मातीचा गाभा भुगा करून काढून टाकतात; माती निघून जाते, गोळी आत राहते आणि घुंगरू वाजू लागते.

ही विद्या बाहेरच्या माणसाने कशी शिकावी याचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे मीरा मुखर्जी. १९२३ साली जन्मलेल्या या बंगाली शिल्पकार बाईंनी म्यूनिकच्या कला अकादमीत शिक्षण घेतले होते. तरीही स्वदेशी परतल्यावर त्या बस्तरच्या घडव्यांकडे शिष्या म्हणून गेल्या, त्यांच्यात राहिल्या आणि मेणाच्या धाग्याचे काम त्यांच्यापासून शिकल्या. पुढे त्यांनी याच पद्धतीने माणसाहूनही उंच कांस्यशिल्पे उभी केली, आणि देशभर हिंडून धातुकारागिरांच्या ज्या नोंदी केल्या त्यांतून भारतातील धातुकारागिरांविषयीचा त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. परदेशी पदवी पदरी असताना कारागिराच्या अंगणात बसून माती तुडविण्यास ज्यांना कमीपणा वाटला नाही त्यांना ही विद्या वश झाली, यात मला आश्चर्य वाटत नाही.

बस्तरला जाण्याची ज्यांची सोय नाही त्यांनाही घरच्या घरी आरंभ करता येतो, आणि त्यासाठी कोकणच्या किनाऱ्यावर फुकट मिळणारी एक वस्तू फार उपयोगी आहे. माकूल जातीच्या एका समुद्रजीवाच्या पाठीतील पांढरे, हलके, होडीच्या आकाराचे हाड वाळूत वाहून आलेले असते. काष्ठौषधींच्या दुकानात ते समुद्रफेस किंवा समुद्रफेन या नावाने विकतही मिळते. हे हाड चुन्याच्या द्रव्याचे, आतून असंख्य पातळ कप्प्यांचे आणि नखाने खरवडता येईल इतके मऊ असून उष्णतेस चांगले टिकते. त्याचे दोन सपाट तुकडे घासून एकमेकांवर बसतील असे करावेत, मध्ये एखादी साधी अंगठी किंवा पदकाचा नमुना ठेवून दाबावे, नमुना अलगद काढून घ्यावा, वरच्या बाजूस रसासाठी नरसाळ्याच्या आकाराची वाट आणि दोन्ही अंगांस हवेसाठी बारीक रेघा कोराव्यात, आणि तुकडे तारेने घट्ट बांधून रस ओतावा. ओतल्याबरोबर जळक्या हाडाचा उग्र दर्प सुटतो. साच्याचा उपयोग एकदाच होतो. परंतु हाडाच्या कप्प्यांच्या ज्या लहरी धातूवर उमटतात त्या इतक्या मनोहर असतात, की कित्येक कारागीर त्या मुद्दाम घासून काढीत नाहीत. वाळूचा साचाही याच पंक्तीतला. बारीक वाळू काकवीने किंवा तेलाने ओलसर करून दोन चौकटींत ठासून भरली म्हणजे तीत नमुन्याचा ठसा नीट बसतो.

धातूची बाजू आता थोडक्यात सांगतो. चांदी ९६२ अंश सेल्सियसला, सोने १०६४ अंशांना आणि तांबे १०८५ अंशांना वितळते. या आकड्यांपेक्षा मुशीतला रंग आणि रसाची हालचाल ओळखणे अधिक कामाचे. चांदी पुरती वितळली, की तिच्या पृष्ठावरचा मळकटपणा एकदम नाहीसा होतो आणि रस चकाकत फिरू लागतो. चिमूटभर टाकणखार टाकला असता उरलेले हीण एका बाजूस गोळा होते. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट प्राणवायू शोषून घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते, त्यामुळे निष्काळजीपणे वितळविलेल्या चांदीच्या दागिन्यावर फोड आणि छिद्रे येतात. मुशीवर कोळशाचा तुकडा ठेवण्याची सोनारांची जुनी चाल त्याकरिताच आहे. शिवाय दागिन्यांचे हे सर्व धातू गोठताना आक्रसतात. दागिना आक्रसत असताना त्याला आणखी रस पुरविणारा साठा वरच्या वाटेत शिल्लक हवा, आणि तो दागिन्याच्या नंतर गोठायला हवा. म्हणून रसाची वाट जाड आणि आखूड ठेवतात व तिच्या तोंडाशी धातूचा गोळा राहू देतात. नवशिका धातू वाचविण्याच्या नादात नेमकी हीच वाट बारीक करतो आणि दागिन्याच्या पोटात पोकळी पाडून घेतो. वाटेतला गोळा पुढे कापून पुन्हा मुशीत जातो, त्याचा जमाखर्च बरोबर जुळतो. त्यामुळे येथे कंजुषी करण्यात काहीच हशील नाही.

ओल हा या कामातील खरा शत्रू. साच्यात पाण्याचा अंश राहिला आणि त्यावर रस पडला, तर पाण्याची वाफ होऊन ती सुमारे सोळाशेपट जागा मागते आणि रस बाहेर उसळतो. या अपघातात डोळे जाऊ शकतात. म्हणून चष्मा, कातडी हातमोजे, सुती कपडे आणि पायांत बंद जोडे यांवाचून भट्टीजवळ उभे राहू नये, आणि साचा वाळला आहे असे वाटल्यानंतरही तो एकदा तापवून घ्यावा. पितळ वितळविताना त्यातले जस्त धुरावाटे निघते, कारण जस्ताला उकळी ९०७ अंशांनाच फुटते. तो पांढरा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. भट्टी उघड्यावरच असावी.

आजच्या कारखान्यांतले ओतकाम याच मार्गाने आले आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. १९०७ साली विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्याने दातांत बसविण्याचे सोन्याचे तुकडे मेण गाळून अचूक ओतण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात पुढे रबरी साच्यांची भर पडली, आणि एका नमुन्यावरून मेणाच्या शेकडो प्रती काढून त्या एकदम ओतणे सराफ बाजारास शक्य झाले. तेथे वारुळाच्या मातीची जागा गारगोटीची भुकटी आणि जिप्सम यांच्या मिश्रणाने घेतली आहे, आणि त्या भुकटीची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने तोंडावर चांगला मुखवटा बांधणे आवश्यक असते. या पद्धतीला मी नावे ठेवीत नाही. तिच्यामुळे स्वस्त आणि नेटका दागिना सामान्यांच्या हाती आला. परंतु हजारो सारख्या प्रती काढण्यासाठी जे यंत्र आहे त्यावर हात बसवून घेण्यास ओतकाम शिकणे म्हणता येणार नाही, कारण त्यात शिकणाऱ्याच्या वाट्याला माती येतच नाही.

घडव्यांची आजची स्थिती सुखाची नाही. मेण, राळ, पितळेची मोड आणि जळाऊ लाकूड या चारही वस्तू महागल्या आहेत, आणि बाजार मात्र त्यांच्या कामाला शोभेची वस्तू म्हणूनच किंमत देतो. सोनारांवरही असाच घाला एकदा पडला होता. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला, १४ कॅरटहून अधिक कसाचे दागिने करण्यास बंदी आली, आणि असंख्य पिढीजाद कारागिरांची शेगडी विझली. पुढे नियम सैल झाले व १९९० साली कायदाच रद्द झाला, परंतु दरम्यान ज्या घरांतील मुले दुसऱ्या धंद्यांत गेली ती बहुतांशी परतली नाहीत. हातातली विद्या एका पिढीत तुटली तर ती पुन्हा जोडणे किती कठीण, हे त्यावरून समजावे. आणि म्हणून ज्याला शिकायचे आहे त्याने कारागिराला शिकविण्याचा योग्य मोबदला आधी ठरवून द्यावा, कारण शिकविण्यात गेलेला प्रत्येक दिवस हा त्याच्या कमाईतला दिवस असतो.

आरंभ पितळेच्या भरीव मण्यांपासून करावा, चांदीस दुसऱ्या हंगामात हात घालावा आणि सोन्याची घाई करू नये. हंगाम हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. पावसाळ्यात साचे आतून वाळत नाहीत, आणि वैशाखात मेण इतके मऊ पडते की सकाळी बसविलेली नक्षी दुपारपर्यंत पसरते. तेव्हा दिवाळी उलटली की माती गोळा करून भिजत घालावी आणि मार्गशीर्ष-पौषाच्या कोरड्या हवेत थर द्यावेत. थंडीच्या सकाळी मेणाचा धागा कडक होऊन वाकविताना मोडतो. त्यावर उपाय घडव्यांचाच. निखाऱ्यांची शेगडी जवळ ठेवावी, धागा तिच्या उबेवर क्षणभर धरावा, आणि तो बोटाला लवचीक लागला म्हणजे पुढचा वेढा घ्यावा.